कुंड्या ठेवा, पण पाणी स्वतः घाला



आज एका कबुलीने सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात माझ्या पत्नीला ताप आला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्या आणि चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं. सुदैवाने सगळं निभावलं. ती घरी आल्यावर दोन दिवसांनी महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या एक ताई दारात आल्या. डेंग्यूचा रुग्ण आढळला की आसपासच्या घरांची पाहणी करतात, त्यासाठी. मी मोठ्या खात्रीने म्हणालो, "आमच्याकडे काही सापडणार नाही, मी स्वतः डॉक्टर आहे." ताई काही बोलल्या नाहीत. टॉर्च घेऊन गॅलरीत गेल्या, मोगऱ्याच्या कुंडीखालची ताटली पुढे ओढली आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे बघा."

ताटलीतल्या दोन बोटं पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पुढच्या दहा मिनिटांत आणखी तीन ताटल्यांत त्या सापडल्या. त्या सबंध पावसाळ्यात मी दवाखान्यात रोज पाच-सहा जणांना "घरात पाणी साचू देऊ नका" असं सांगत होतो.

आमच्याकडे तेव्हा २३ कुंड्या होत्या. लॉकडाउनच्या काळात हौसेने जमवलेल्या. सुरुवातीला आम्ही दोघं रोज सकाळी त्यांच्यात रमायचो. मग दवाखाना पूर्ववत सुरू झाला, कुंड्यांसाठी एक माळी ठेवला. तो एक दिवसाआड यायचा, पाइपने सगळ्यांना भरपूर पाणी घालायचा आणि जायचा. त्याचं काम पाणी घालण्याचं होतं, ते तो करत होता. झाडांकडे बघायचं काम आमचं होतं, ते आम्ही सोडून दिलं होतं. पत्नीला चावलेला डास आमच्याच ताटलीतला होता असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तो नव्हता असंही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्या दिवसापासून घरातल्या कुंड्यांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. जितक्या कुंड्यांकडे तुम्हाला दर आठवड्याला स्वतः नीट बघता येईल, तितक्याच ठेवा. त्या मात्र जरूर ठेवा. बघितलेली कुंडी तब्येतीला चांगली आणि न बघितलेली कुंडी धोक्याची, असं मी का म्हणतो ते आज सविस्तर सांगतो.

कुंडीकडून काय अपेक्षा ठेवू नये

"डॉक्टर, बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवलंय, रात्री ऑक्सिजन देतं ना?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर सरळ आहे: नाही. ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो, आणि हा नियम तुळस, पिंपळ, स्नेक प्लांट सगळ्यांना सारखाच आहे. स्नेक प्लांटसारखी झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरं, पण त्यापासून अन्न बनवण्याचं काम दिवसा उजेडातच होतं. शिवाय प्रमाण बघा. नुसता पडून असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे दिवसाला साडेतीनशे लिटरच्या आसपास. खोलीतल्या चार कुंड्या यात कुठेच पुरत नाहीत. उलट्या बाजूची भीतीही खोटीच आहे. रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून खोलीत कुंडी असली तर गुदमरायला होईल, असं काही नसतं. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त सोडतो!

हवा शुद्ध होते हा दुसरा समज. तो बराचसा १९८९ मधल्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरला. त्यात बंद पेटीत झाडं ठेवून हवेतली काही रसायनं किती कमी होतात हे मोजलं होतं. पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दारं-खिडक्यांतून हवा सतत आत-बाहेर होत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. साध्या वायुवीजनाने हवा जितकी स्वच्छ होते तितकी झाडांनी करायची, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं ठेवावी लागतील. तेव्हा दम्याचा त्रास असेल तर इनहेलर नियमित घ्या, खिडकी उघडा, घरात धूर करू नका. 'एअर प्युरिफायर प्लांट' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

भाजीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. गॅलरीतल्या बागेतून त्याचा अगदी छोटा वाटा निघेल. भाजीवाल्या मावशींकडे जाणं थांबणार नाही.

मग कुंडी ठेवायची कशासाठी?

इथे मला एक जुना प्रयोग आठवतो. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. दोन मजल्यांवरच्या सगळ्या आजी-आजोबांना एकेक लहानसं रोप देऊ केलं. एका मजल्यावर सांगितलं, "रोप तुमचं, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, तेही तुम्हीच ठरवा." दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, "रोप तुमचंच आहे, पण पाणी नर्स घालतील. तुमची काळजी घ्यायला आम्ही आहोत." काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त उत्साही, जास्त मिसळणारी दिसली. दीड वर्षानंतर पाहिलं, तर पहिल्या गटातल्या ४७ जणांपैकी ७ जण वारले होते, दुसऱ्या गटातल्या ४४ पैकी १३.

हा प्रयोग लहान होता. त्यातल्या आकडेमोडीवर नंतर टीकाही झाली, आणि फरक एकट्या रोपामुळे पडला असं तर मुळीच म्हणता येणार नाही. "कुंडी ठेवा, आयुष्य वाढेल" असा अर्थ कृपया काढू नका. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनात कायम बसली. रोप दोन्ही मजल्यांवर होतं. फरक होता तो पाणी कोणाच्या हातचं, यात.

दवाखान्यात मी हे वेगळ्या रूपात रोज बघतो. माझ्याकडे सत्तरी पार केलेले एक आजोबा येतात. आजी गेल्या आणि त्यांचं सगळंच मंदावलं. जेवण कमी, झोप अर्धवट, दिवसभर टीव्हीसमोर. मुलगा-सून अतिशय चांगली माणसं, पण त्यांची काळजी म्हणजे "बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो." भाजी आणू नका, बँकेत जाऊ नका, गॅस पेटवू नका. सगळं प्रेमापोटीच. एकदा मी सुनेला विचारलं, "घरात असं कुठलं काम आहे, जे त्यांनी केलं नाही तर अडेल?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "आईंची तुळस आणि कढीपत्ता आहे. पण पाणी मीच घालते, बाबांना वाकायला नको म्हणून." मी म्हटलं, "ते काम त्यांना परत द्या. कुंड्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकायला लागणार नाही. आणि विसरले तर आठवण करू नका."

ते विसरले नाहीत. पुढच्या खेपेला कढीपत्त्याच्या चार डहाळ्या कागदात गुंडाळून माझ्यासाठी घेऊन आले. त्यांचं औषधही मी तेव्हा सुरू केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय कुंडीला देणार नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. पण सकाळी उठायला एक कारण असणं ही गोष्ट मला कुठल्याही प्रिस्क्रिप्शनमध्ये लिहून देता येत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून झारी काढून घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्यायाम किती होतो?

खरं सांगायचं तर पाच कुंड्यांना पाणी घालणं हा हलका व्यायाम आहे. माती कालवणं, कुंड्या बदलणं, ओझं उचलणं हे थोडं जास्तीचं, पण ते रोज नसतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, तो चालूनच पूर्ण करा. तरी गुडघ्याच्या भीतीने दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ही सुरुवात म्हणून चांगली.

त्यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, उठण्याची. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर बराच वेळ बसून किंवा वाकून काम केल्यावर झटकन उभं राहू नका. रक्तदाब एकदम खाली जाऊन चक्कर येते आणि लोक पडतात. जवळ खुर्ची किंवा कठडा ठेवा, आधी बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. दुसरी, वजनाची. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की २० ते २५ किलोपर्यंत जाते. ती एकट्याने उचलून कमरेला उसण भरलेले रुग्ण मी दर उन्हाळ्यात बघतो. कुंडी आधी जागेवर ठेवा, मग भरा. हलवायची असेल तर चाकांच्या फळीवर ठेवा. मातीत कोकोपीट आणि वाळलेला पालापाचोळा मिसळला तर वजन बरंच कमी होतं. ग्रिलच्या बाहेर कुंड्या टांगू नका. खालून माणसं जात असतात.

पाच कुंड्यांनी सुरुवात करा

नवशिक्यांनी मोसंबी, डाळिंब, द्राक्षवेल यांच्या नादी लागू नये. मी पाचच कुंड्या सांगतो.

*कढीपत्ता:* बिया लावून वाट बघत बसण्यापेक्षा नर्सरीतून रोप आणा. बारा इंची कुंडी, भरपूर ऊन. पहिलं वर्ष संथ जातं, धीर धरा.

*पुदिना:* बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत खोचा. दोनेक आठवड्यांत मुळं धरतात. थोड्या सावलीतही येतो. त्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याची जागा खातो.

*मेथी:* सहा इंच खोलीचा पसरट ट्रे किंवा भोकं पाडलेला जुना टब चालतो. डब्यातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पसरा, वरून बोटाच्या अर्ध्या पेराइतकी माती. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत खुडता येते. पहिल्यांदा बाग करणाऱ्याला यश दाखवणारी ही भाजी आहे.

*कोथिंबीर:* धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस किंवा थोडे जास्तही लागतात. पाचव्या दिवशी निराश होऊन माती उकरू नका.

*मिरची:* हिला मात्र पाच-सहा तास थेट ऊन हवं. ऊन नसेल तर तिच्याऐवजी गवती चहा किंवा पानांचा ओवा लावा.

माती भरताना कुंडीच्या तळाला भोक आहे ना ते बघा आणि त्यावर खापरीचा तुकडा ठेवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि मूठभर निंबोळी पेंड. काठापासून दोन इंच जागा मोकळी सोडा. पाणी घालण्याआधी बोट मातीत एक पेर खुपसून बघा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. माझ्या अनुभवात घरातली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच मरतात, आणि तेच जास्तीचं पाणी खाली ताटलीत उतरतं.

ताटली: सगळ्यात महत्त्वाचा भाग

बाकीचं विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारात नव्हे, तर घरातल्या साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. तो फार लांब उडत नाही, जन्मला तिथून साधारण शे-दोनशे मीटरमध्येच वावरतो. म्हणजे तुमच्या गॅलरीतला डास तुम्हाला, तुमच्या नातवाला किंवा शेजारच्या गरोदर मुलीला चावणार. अंड्यापासून उडता डास व्हायला उष्ण हवेत आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. सात दिवसांत पाणी ओतलं तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला. ती तिथे घट्ट चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून ताटली काथ्याने किंवा ब्रशने घासायची असते.

आमच्या घरी आता रविवारी सकाळी, चहाच्या आधी, हे होतं:

१. प्रत्येक ताटली काढून पाणी मातीवर ओतायचं. मातीवर अळ्या मरतात. बेसिनमध्ये ओतू नका.
२. ताटली आतून घासायची, कोरडी करून ठेवायची. जड कुंडीखालची ताटली हलत नसेल तर ती काठापर्यंत वाळूने भरायची. वाळू पाणी शोषते, डासाला उघडं पाणी मिळत नाही.
३. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी बदलायचं, मुळं धुवायची, बाटली आतून घासायची. हे जमत नसेल तर मनी प्लांट सरळ मातीत लावा.
४. 'लकी बांबू'लाही हाच नियम. २००१ मध्ये चीनमधून जहाजाने कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिस जातीचेच डास तिथे पोचले होते. शोभेची वस्तू म्हणून डास तिला सोडत नाहीत.
५. रिकाम्या कुंड्या पालथ्या घालायच्या. झारी, झाडांसाठी भरून ठेवलेली बादली, जुने टब, कोपऱ्यातल्या करवंट्या बघायच्या.
६. कमळाचा टब असेल तर त्यात गप्पी मासे सोडायचे.

गावाला जाताना लोक ताटल्या भरून ठेवतात, झाडं जगावीत म्हणून. पावसाळ्यात हे अजिबात करू नका. शेजाऱ्यांना किल्ली द्या. नाहीतर एखादं झाड गेलं तर जाऊ द्या.

आणि ताप आलाच, तर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. मनाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गळून जाणं यांपैकी काहीही झालं तर ताप उतरला असला तरी लगेच डॉक्टरांकडे जा.

कबुतरं

दुर्लक्षित कुंडी ओळखायची दुसरी खूण म्हणजे तिच्यात कबुतराने घातलेली अंडी. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. जिना चढताना लागणारा दम आणि महिनोन्‌महिने कोरडा खोकला घेऊन हे रुग्ण येतात. विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, आधी पाणी शिंपडून भिजवा, मग पुसा. घरटं बांधायला सुरुवात होतानाच काड्या उचला.

माती आणि मधुमेह

मातीत हात घालायला घाबरू नका, पण काही पथ्यं पाळा. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. प्रौढांनी दर दहा वर्षांनी लस घ्यायला हवी. आता टीटीऐवजी टीडी मिळते. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर त्याच दिवशी दाखवा.

खताची किंवा मातीची पिशवी बंद खोलीत, तोंड जवळ नेऊन उघडू नका. गॅलरीत उघडा, थोडं पाणी मारून धूळ बसवा. दमा असेल तर मास्क लावा. केमोथेरपी चालू असणाऱ्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी माती हाताळण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मधुमेह असणाऱ्यांना दोन गोष्टी खास सांगतो. पायाची संवेदना कमी झालेली असते, म्हणून दुपारी तापलेल्या गच्चीवर अनवाणी जाऊ नका. चटका बसतोय हे कळतच नाही आणि संध्याकाळी तळपायाला फोड दिसतात. दुसरं, पावसाळ्यात हातापायाला जखम असेल तर हातमोजे आणि बंद चपला घाला. कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर मातीतून होणारा मेलिऑइडोसिस नावाचा जंतुसंसर्ग मधुमेहींना जास्त प्रमाणात गाठतो. कुंडीच्या मातीतून तो होण्याची शक्यता शेतापेक्षा कमी, पण हातमोजांना खर्च तो किती?

कुंडीतली 'औषधं'

हा माझ्या नाराजीचा विषय आहे. मधुमेहाच्या एक काकू वर्षानुवर्षं नियमित गोळ्या घ्यायच्या. एकदा चार महिने आल्या नाहीत आणि आल्या तेव्हा साखर चारशेच्या वर. गॅलरीत 'इन्शुलिन प्लांट' लावलं होतं. रोज दोन पानं चावून खायच्या आणि गोळ्या बंद. या झाडाचा इन्शुलिनशी संबंध नावापुरताच आहे. इन्शुलिन नुसतं तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं, म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं. या पानांवर छोटे-मोठे अभ्यास झाले आहेत, पण त्यांच्या भरवशावर गोळ्या सोडाव्यात असा पुरावा नाही. झाड सुंदर आहे, फुलासाठी ठेवा.

गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात घरोघरी तिचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. माझा सल्ला एवढाच: यकृताचा आजार किंवा ऑटोइम्यून आजार असेल तर मनाने काढे घेऊ नका. आणि काही घेत असाल तर मला सांगा. मी रागावणार नाही, पण लपवू नका.

साधी पालेभाजीसुद्धा कधी कधी सांगावी लागते. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालेभाजी खावी, पण रोज साधारण सारख्या प्रमाणात. मेथी, पालक एकदम भरपूर आला म्हणून आठवडाभर दोन्ही वेळा खाल्ला, तर त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे औषधाचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पालक, टोमॅटो किती खायचा ते आधी विचारून घ्यावं.

लहान मुलं घरात असतील तर कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम, धोतरा ही झाडं हाताला येतील अशी ठेवू नका. कण्हेरीचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. डिफेनबॅकियाचं पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते. किडीसाठी शेतातली कीटकनाशकं घरात आणूच नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. मावा, पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

"पण डॉक्टर, वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप मला मान्य आहे. तो माझाही होता. सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर असणाऱ्या माणसाने २३ कुंड्या ठेवू नयेत. एक ठेवावी. अगदी एकही नको असेल तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत चक्कर मारा. पण इंटिरिअरवाल्याने ठेवल्या म्हणून, फोटोत छान दिसतात म्हणून, कुणी भेट दिल्या म्हणून न बघता पडून असलेल्या कुंड्या मात्र आजच कुणालातरी देऊन टाका.

आणि माळीदादांनाही दोष देऊ नका. त्यांना ताटल्या घासायला सांगा, त्या कामाचे पैसे द्या. पण आठवड्यातून एकदा तरी स्वतः वाकून बघा.

आमच्याकडे आता सात कुंड्या आहेत. सोळा वाटून टाकल्या, तेव्हा पत्नीला वाईट वाटलं होतं. मोगरा मात्र तिने दिला नाही. त्याच्या ताटलीत आता वाळू आहे. दर रविवारी ती सगळ्या ताटल्या तपासते आणि दर वेळी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "डॉक्टरसाहेब, हे बघा." मी उठून जातो आणि बघतो.

या रविवारी तुम्हीही बघा.